इनासचं कुमसार

वेलचेरी, चेन्नई
४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मानवेलदादा यांस,

सा. न. वि. वि. यातला ‘सा.’ माझ्या गुडघ्यांनी रद्द केला आहे, ‘न.’ तेवढा घे. फोनच केला असता, पण तुमच्या निवृत्त पाद्र्यांच्या घरातली सिस्टर म्हणाली की तुझ्या कानाचं मशीन आता दागिन्यापुरतं उरलंय आणि फोनवर कोणीही असो, तू ‘देव तुझं भलं करो’ म्हणून ठेवून देतोस. माझं भलं एवढ्यावर होण्यासारखं नाही. म्हणून पत्र, आणि तेही स्पीड पोस्टाने.

इनास घरी आला. आला म्हणजे आणला. उजवं अंग गेलंय ते गेलंय. सप्टेंबरात झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की बोलणं परत येईल. आलं, पण कुठलं आलं ते ऐक. या माणसाने उभा जन्म बंदरावर क्रेनवाल्यांना तमिळमध्ये शिव्या घातल्या, साहेबांशी इंग्रजीत भांडला. त्या दोन्ही भाषा पाटीवरून पुसाव्या तशा पुसल्या गेल्या. उरली ती आपली वसईची बोली, तीही तुकड्यातुकड्यांनी. नर्स तमिळमध्ये विचारते आणि हा माझ्या तोंडाकडे बघतो. डेरिक मेलबर्नहून रोज व्हिडिओवर येतो, डॅड डॅड करतो. त्या पोराला इंग्रजी येतं, तमिळ येतं. बाप त्याच्याकडे बातम्या देणाऱ्या माणसाकडे बघावं तसा बघतो आणि जरा वेळाने डोळे मिटतो. मग इकडे मी रडते आणि तिकडे डेरिक रडतो, इंग्रजीत.

पण पत्र त्यासाठी नाही. इनासला कुमसार करायचं आहे. पाद्र्यापुढे पाप सांगायचं आहे. सकाळ-संध्याकाळ तेवढंच एक. आमचे फादर आरोक्यम आले, तरुण आहेत, जिने चढून येतात. त्यांनी रुग्णाभ्यंग केलं, कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. मी मनात म्हटलं, चला, निभावलं. तर इनास त्यांची बाही सोडेना. फादरांना तमिळ येतं, इंग्रजी येतं, रोमला शिकल्यामुळे इटालियनसुद्धा येतं. मराठी येत नाही. ते म्हणाले, तोंडाने सांगायची सक्ती नाही, मनापासून पश्चात्ताप आहे एवढी मान हलवा, मी पापमुक्ती देतो. मी ते मराठीत सांगितलं. याने मान हलवली, पण आडवी.

मग मी म्हटलं, मी दुभाषी होते. खुर्ची ओढून बसले. इनास गप्प. विसरला असेल म्हणून त्याला आठवण करून द्यायला मीच सुरुवात केली: गुड फ्रायडेला बिर्याणी खाल्ली, मिस्साच्या वेळी देवळाच्या दाराबाहेर उभा राहून क्रिकेटचा स्कोअर विचारतो, आईच्या मैताला उशिरा पोचला, रोझरीची जपमाळ ओढताना पाचव्या रहस्याला घोरतो. फादरांना हसू आवरेना. म्हणाले, टीचर (शाळा सुटली तरी मी इथे टीचरच), हे कुमसार नक्की कोणाचं चाललंय? आणि इनासने भिंतीकडे तोंड केलं. मग मला बाहेर जायला सांगितलं.

मला, दादा! त्याच्या तोंडावरचा घास मी पुसते, त्याची लघवी मी काढते, आणि असं कुठलं पाप त्याने केलं जे मला ठाऊक नाही? या माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नाही, पाप कुठून सापडलं?

रागाने लिहिते आहे, पण आत माझं पाणी झालंय. तो जेवत नाही. डावा हात चादरीवर ओढत बसतो. मरणाला तो भीत नाही, हे सांगितल्याशिवाय मरायला भीतो. वसईच्या कुठल्याही मराठी पाद्र्याला मी व्हिडिओवर घ्यायला तयार होते, फादर म्हणाले ते चालत नाही. लॉकडाऊनमध्ये अख्खी मिस्सा टीव्हीवर चालली आणि एका आजाऱ्याचं कुमसार चालत नाही? तू सेमिनरीत धर्मकायदा शिकवायचास. एखादं कलम काढ.

लोभ नुसता ठेवू नकोस, कामाला लाव.

तुझी
रेजिना

*

वसई
९ नोव्हेंबर

चि. रेजू हिस अनेक आशीर्वाद, आणि पाद्री म्हणून वर आणखी एक.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा बातमीसाठी, एकदा तुझा राग उतरवून. इनाससाठी रोज मिस्सा अर्पण करतो आहे. इथले आम्ही सगळे म्हातारे मिळून संध्याकाळच्या रोझरीत त्याचं नाव घेतो. अर्ध्यांना ऐकू येत नाही, म्हणून ते मोठ्याने घेतलं जातं.

आता कलम. व्हिडिओवर नाही, बाळ. टीव्हीवर मिस्सा बघितलीस, पण टीव्हीतून ख्रिस्तप्रसाद जिभेवर आला का? तुझे फादर बरोबर आहेत, त्यांच्याशी भांडू नकोस. मी स्वतः यायचा विचार केला. डॉक्टरने नाही म्हटलं ते मी मानलं नसतं, पण माझे कान असे की इनासला ओरडून सांगावं लागेल. त्याचं पाप अख्ख्या वेलचेरीला ऐकू जाईल आणि सगळ्यांत आधी तुला.

तेव्हा दुभाषी. कायद्यात ते आहे, जुनंच आहे, खलाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या काळापासूनचं. दुभाषी कुठल्या धर्माचा असावा ते कायद्यात लिहिलेलं नाही. एवढंच लिहिलं आहे की पाद्र्याच्या ओठांना जे कुलूप तेच त्याच्या. चेन्नईसारख्या शहरात एक मराठी बोलणारा माणूस मिळणार नाही असं होणार नाही. शोध, आणि लवकर शोध.

पण तो माणूस तू नव्हेस. रागावू नकोस. नवरा बायकोला बाहेर जायला सांगतो तेव्हा तिचा अपमानच करतो असं नाही. घोरणं हे पाप नाही हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

गुडघ्यांना जप, जिभेला त्याहून जप. लोभ तुझ्याकडून कमी झाला तर मी इकडून भर घालीन.

तुझा
मानवेलदादा

*

वेलचेरी
१५ नोव्हेंबर

ती. दादास, न. वि. वि.

शोधला दुभाषी. दोन मजले खाली पुण्याची जोडी राहते, यश आणि तनया, दोघंही कॉम्प्युटरवाले. गोड पोरं आहेत. यशला सगळं समजावलं. तो म्हणाला, आंटी, नक्की करू, फक्त एनडीए साईन करायचा का? म्हणजे गुपित फोडणार नाही असा करार. मी म्हटलं, सही देवाने केलेली आहे, तू फक्त ये. आला बिचारा, शर्ट बदलून. फादर आले. मी खाली गेले. जरा वेळाने यश पडल्या चेहऱ्याने जिना उतरून आला. इनास बोलत होता, रडत होता, आणि याला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. म्हणाला, आंटी, सॉरी, हे मराठी मला सबटायटलशिवाय नाही येत. पण दादा, खरं सांगू का, मला वाटतं इनासनेच मध्येच सोडून दिलं. नातवाच्या वयाच्या मुलापुढे माणूस तोंड उघडेल कसं?

त्यानंतर त्याने पाणीसुद्धा नाकारलं. डॉक्टर नळी घालू म्हणतात. मी म्हटलं, थांबा. कशासाठी थांबा ते त्यांना काय सांगू?

काल भरपावसात बेझंट नगरला वेलांकणी मातेच्या देवळात गेले. रिक्षावाला नको नको म्हणत होता. गुडघे टेकले, ते उठवायला दोन बायका लागल्या. मातेला स्पष्ट सांगितलं की मी त्याचा हात मागत नाही, पाय मागत नाही, आयुष्य मागत नाही. तू लंगड्यांना चालवतेस, आंधळ्यांना डोळे देतेस, मला फक्त एक मराठी समजणारं माणूस दे. घरी संत जोसेफाची तसबीर आहे, सुखाच्या मरणासाठी आपण ज्याला विनवतो. त्यालाही बजावलं की आणखी थोडे दिवस वाट बघेन, मग तुला भिंतीकडे तोंड करून बसवीन. इनाससारखं. हे सगळं कुमसारात सांगेनच.

आणि दादा, माणूस आहे. हे लिहायचं मी दोन पानं टाळलं. आमच्या समोरच्या दारात भवानीबाई राहते. तंजावरकडचे मराठे लोक, कधीकाळी राजांबरोबर आलेले. घरात अजून मराठी बोलतात, जुनं, तमिळ हेल काढून. माझ्याच वयाची, सरकारी कचेरीतून निवृत्त, कडक सोवळी. गच्चीवर मी सुकट वाळत घातली होती. तिने ती न विचारता खाली आणून माझ्या दाराशी ठेवली, वर तुळशीचं पाणी शिंपडून. मी तिला जे बोलले ते तुला सांगण्याजोगं नाही. तेव्हापासून सहा वर्षं आम्ही लिफ्टमध्येसुद्धा एकत्र चढत नाही.

त्या दारात मी जाऊ? माझ्या नवऱ्याचं पाप घेऊन, त्या बाईपुढे?

तू लगेच ‘जा’ म्हणशील, मला माहीत आहे. म्हणून तुझ्या उत्तराची वाट बघणार नाही. त्याचे डोळे बघवत नाहीत.

लोभ असेल तर माझ्या मानेला प्रार्थनेत धर. ती वाकायची आहे.

रेजिना

*

रविवार, १७ नोव्हेंबर

श्रीमती भवानीबाई यांस,

स. न. वि. वि. आपण बोलत नाही म्हणून दाराखालून चिठ्ठी सरकवते आहे.

माझ्या नवऱ्याला मरण्यापूर्वी आमच्या पाद्र्यापुढे पाप कबूल करायचं आहे. त्याला आता फक्त मराठी येतं आणि पाद्र्यांना मराठी येत नाही. मधे कोणीतरी लागतं. मी त्याला चालत नाही. मला दुसरं कोणी सापडलं नाही. सापडलं असतं तर ही चिठ्ठी लिहिली नसती, हे तुम्हाला कळेलच, म्हणून लपवत नाही.

ऐकलेलं कोणाला सांगायचं नसतं. मलाही नाही.

त्या दिवशी मी जे बोलले त्यातलं तुमच्या देवाबद्दल जे होतं ते मागे घेते. बाकीचं नंतर बघू.

आपली
रेजिना तुस्कानो

*

त्याच दिवशीं

रेजिनाबाईंस भवानीचा नमस्कार. अक्षरास हसूं नये. मराठी आमच्या घरीं बोलावयाची, लिहावयाची तमिळ.

चिठी पावली. सुकटीचें मी विसरलें नाहीं, तें वेगळें. येईन. मला त्यांची भाषा कळते, कां म्हटल्यास तुम्ही रोज सकाळीं देवळांत जातां आणि मग बाहेर बायकांशीं बोलत उभ्या राहतां, त्या वेळीं ते जिन्यापाशीं खुर्ची टाकून माझ्याशीं बोलतात. आज कैक वर्षें. तुम्हांस सांगितलें नसेल. भीत असतील, मीही भ्यालें असतें.

एक कबूल करा. तुम्ही घरांत राहावयाचें नाहीं, दारामागेंही नाहीं, खालीं जावयाचें. आणि मागाहून मला विचारावयाचें नाहीं. आज नाहीं, उद्यां नाहीं, मी मरतांनाही नाहीं. हें होत असेल तर उद्यां सामियारांस, तुमच्या पाद्र्यांस, बोलवा. उद्यां माझा सोमवार आहे. पोट रिकामें असलें कीं कान साफ राहतात.

इनासरावांस सांगा, येतें म्हणून.

भवानी

*

वेलचेरी
२४ नोव्हेंबर

ती. दादास, न. वि. वि.

झालं. सोमवारी झालं. देवाचे आभार मान. मी मानते आहे, पण दात आवळून.

सोमवारी आमच्या रस्त्यावर पोटरीइतकं पाणी होतं. वेलचेरीत नोव्हेंबर म्हणजे पाणी. फादर पॅन्ट दुमडून, चपला हातात घेऊन आले, ख्रिस्तप्रसादाची डबी खिशात छातीशी धरलेली. भवानीबाई न्हाऊन, धुतलेली साडी नेसून आली. पांढऱ्या कापडावर मी क्रूस आणि मेणबत्ती मांडून ठेवली होती. ती क्रूसापुढे जरा थांबली, हात जोडले, मग इनासशेजारी बसली. आणि इनास हसला. डावा अर्धा चेहरा हसला. झटका आल्यापासून पहिल्यांदा, आणि तिला बघून. मी खाली गेले.

खाली गाड्या लावतात तिथे कट्ट्यावर बसून रोझरी काढली. दुःखाची पाचही रहस्यं झाली, आनंदाची झाली, माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत आणि मन वरच्या खोलीत कान लावून बसलंय. एकदा उठलेसुद्धा. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत गेले. वॉचमनने विचारलं, टीचर, काही विसरलात का? म्हटलं हो, आणि परत फिरले.

किती तरी वेळाने भवानीबाई उतरली. डोळे लाल. मला म्हणाली, वर जा, झोपलेत. बस. फादरांनी एका चमच्यात पाणी आणि ख्रिस्तप्रसादाचा कण दिला होता, तो त्याने गिळला होता. तोंड उघडं टाकून झोपला होता लहान मुलासारखा. संध्याकाळी पेज मागितली. दुसऱ्या दिवशी अर्धं केळं खाल्लं. डॉक्टर म्हणाले, मेडिकली एक्स्प्लेन नाही करता येत. मी म्हटलं, मला येतं.

इथे पत्र संपवलं असतं तर तुझी बहीण चांगली बाई ठरली असती.

मंगळवारी सकाळी त्याचं तोंड पुसत होते तर त्याने डावा हात वर केला. मला वाटलं काही हवंय. त्याने अंगठा माझ्या कपाळाला लावला आणि क्रूस काढला. वाकडातिकडा, पण क्रूसच. बुधवारी पुन्हा, गुरुवारी पुन्हा. दादा, हे फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त आहे. नाहीतर या माणसाने लग्न झाल्यापासून असलं काही केलेलं नाही. फादरांना विचारलं तर ते गटारांच्या सफाईबद्दल बोलायला लागले. पण मी चाळीस वर्षं वर्ग सांभाळले आहेत, शिक्षा बघून गुन्हा कोणाविरुद्ध झाला ते मला ओळखता येतं. क्रूस माझ्या कपाळावर, म्हणजे पाप माझ्याविरुद्ध.

काय केलं त्याने? विशाखापट्टणमच्या बंदरावर दोन वर्षं एकटा राहिला होता, तेव्हा कोणी बाई होती? मूल होतं? मला दुसरं मूल नको होतं म्हणून तो गप्प राहिला, तेव्हा मनात काही धरलं? का माझ्या मरणाची वाट बघितली कधी? तांदूळ धुताना हेच, मिस्साला हेच. प्रभूची प्रार्थना ‘आम्ही जशी क्षमा करतो’पर्यंत आली की मी पुढे म्हणत नाही. काय क्षमा करतो? मला कोणी सांगेल का काय क्षमा करायची आहे?

हो, मी भवानीबाईला विचारलं. शब्द मोडला. तिच्या दारात उभी राहून विचारलं. ती चिडली नाही. तमिळमध्ये बोलली, मुद्दाम. म्हणाली, ते मराठी होतं, ते मी सामियारांच्या पदरात टाकलं, माझ्याकडे शिल्लक नाही. आणि हळू हाताने दार लावलं. रोज मी तिच्या दाराकडे बघते. माझ्या संसारातली एक खोली त्या बाईने बघितली आहे जी मी बघितलेली नाही. असली कसली दया आहे ही देवाची, की नवरा मोकळा झाला आणि त्याचं ओझं माझ्या डोक्यावर आलं?

काल त्याने हात वर केला आणि मी डोकं मागे घेतलं. म्हटलं, आधी मला सांग. आजही तसंच केलं. हात हवेत राहिला आणि मग चादरीवर पडला.

आता तुला काय ओरडायचंय ते ओरड. लोभ शिल्लक राहिला तर कळव.

रेजिना

*

वसई
२९ नोव्हेंबर

चि. रेजू,

आशीर्वाद. आज थट्टा नाही.

तुझं पत्र हातात पडल्यापासून मी चॅपलमध्ये बसलो होतो, आता लिहितो आहे. कागद लहान घेतला आहे, म्हणजे उपदेश मावणार नाही.

साठ वर्षं मी जाळीपलीकडून पापं ऐकली. त्यातली बहुतेक घरातल्याच माणसांविरुद्धची होती. लोक बाहेर जाऊन देवाकडे मोकळे होत आणि घरी जाऊन तसेच जेवायला बसत. मला पुष्कळदा वाटे की यांच्यामागून यांच्या घरी जावं. जाता येत नसे. इनासच्या मागून आज तुझ्या घरी येता येत नाही तसंच.

त्याला देवाने क्षमा केली आहे, ते काम पक्कं झालं. तुझी क्षमा तो मागतो आहे ती शब्दांनी मागता येत नाही म्हणून अंगठ्याने मागतो आहे. तू काय क्षमा करायची ते विचारतेस. मला माहीत नाही. मला माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं, आणि तू मला सोडलं नसतंस.

त्याला सांगायला लावू नकोस. तो सांगेल. तू मागितलंस तर तो तेही देईल, आणि पुन्हा त्याच भिंतीकडे तोंड करून पडेल. डोकं पुढे कर, रेजू. कळल्याशिवाय कर.

हे पत्र वेळेवर पोचावं एवढीच प्रार्थना. लोभाचं विचारलंस, तो कमी झाला नाही, भीती वाढली आहे.

मानवेलदादा

*

वेलचेरी
७ डिसेंबर

ती. दादास,

इनास सोमवारी गेला. तार म्हणावी तसा फोन सिस्टरकडे केला होता, तिने पाटीवर लिहून तुला दाखवलं म्हणाली. तुझं पत्र बुधवारी आलं, आम्ही दफनाहून परतलो तेव्हा. पाण्यामुळे टपाल अडलं होतं. डेरिक आला आहे. त्याने पत्र उचलून माझ्या हातात दिलं. त्याला ते वाचता येत नाही, म्हणून मला ते त्याच्यासमोरच वाचता आलं.

तू घाबरला असशील म्हणून आधी तेच सांगते.

त्या पत्रानंतर पाच दिवस त्याने हात वर केलाच नाही. शनिवारी सकाळी केला आणि मी पुन्हा डोकं मागे घेतलं. तिसऱ्यांदा. म्हटलं, देवाला सांगितलंस, पाद्र्याला सांगितलंस, समोरच्या बाईला सांगितलंस, मीच काय ती परकी. इनासने माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागला. माझं नाव घेतलं. मग ‘मी’ म्हणाला. मग पुढचा शब्द शोधायला लागला. त्याचे शब्द कसे यायचे तुला माहीत नाही, विहिरीतून बादली ओढावी तसे यायचे, अर्ध्यावर दोर सुटायचा. मी वाकून बसले होते. दादा, मला तो शब्द हवा होता. भूक लागावी तसा हवा होता. आणि शब्द वर येता येता त्याचा चेहरा बदलला. फादरांची बाही धरली होती त्या दिवशी जो चेहरा होता तो परत आला. डावा हात चादरीवर ओढायला लागला. एवढ्या कष्टाने, एवढ्या माणसांनी मिळून त्याला जिथून बाहेर काढलं होतं तिथे मी त्याला परत नेऊन बसवत होते. स्वतःच्या हाताने.

मी त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. शब्द आत होता. त्याचा ओला श्वास माझ्या हाताला लागला आणि मी हात काढला नाही. त्याला म्हटलं, नको. म्हटलं, केली क्षमा. काय ते तुझं तुला ठाऊक, ते असू दे, केली. मग त्याचा हात उचलून मीच कपाळाला लावला. क्रूस काढायला त्याला वेळ लागला. मी हललेही नाही.

त्यानंतर तो काही बोलला नाही. रविवारी नाताळाआधीच्या आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लावली ती त्याने बघितली. सोमवारी दुपारी फादर आले, भवानीबाई आली, मी रोझरी सुरू केली. भवानीबाईला आपली प्रार्थना येत नाही, ती तिचं स्तोत्र म्हणत बसली. संत मारिया, देवमाते, आम्हासाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, एवढं म्हणून झालं आणि बघितलं तर मरणाची वेळ होऊन गेली होती. मी पुढचा मणी ओढला. थांबायचं कसं ते कळेना.

आता तू म्हणशील, शाबास. म्हणू नकोस. मला रोज पश्चात्ताप होतो. मला तो शब्द पाहिजे होता आणि मी तो माझ्या हाताने त्याच्या घशात परत ढकलला, आता तो मातीखाली आहे. डेरिक माझ्या कुशीत शिरून विचारतो की डॅडी शेवटी काय म्हणाले. काय सांगू? तुझं नाव घेतलं म्हणते. खोटं बोलते, आणि शनिवारी कुमसाराला जाते. भवानीबाई संध्याकाळी येऊन बसते. आम्ही फार बोलत नाही. कधी कधी ती माझ्याकडे अशी बघते की तिलाच सांगावंसं वाटत असावं, आणि मग मी उठून स्वयंपाकघरात जाते. आज गेले. उद्या जाईन की नाही, देव जाणे.

तू म्हणालास कळल्याशिवाय क्षमा कर. केली. पण त्यात एक अडचण आहे, दादा, जी तुमच्या सेमिनरीत कोणी सांगितली नसेल. काय क्षमा केलं ते ठाऊक असतं तर एकदा करून संपलं असतं. मला ठाऊक नाही, म्हणून रोज सकाळी सगळंच करावं लागतं. आज विशाखापट्टणमची बाई क्षमा केली. काल ते मूल, जे कदाचित नसेलही. परवा त्याने माझ्या मरणाची वाट बघितली असेल ते. उद्यासाठी अजून काही सुचलेलं नाही, पण झोपेपर्यंत सुचेल.

प्रार्थनेत त्याचं नाव घेतोस तसं आता माझंही घे, आणि दोन्ही नावं मोठ्याने घ्यायला सांग. लोभ माझ्याकडे सध्या सगळा खर्ची पडतो आहे, तुझ्याकडचा थोडा पाठव.

तुझी
रेजिना